बोर्ड गेम बनवलाय, पेटंट घ्यावं का? पुण्यात कुणी केलंय का हे?

मिरवणूकवाला (सिंहगड रोड)

नमस्कार मंडळी. लॉकडाऊनमध्ये पोरांना कॅरमचा आणि पत्त्यांचा कंटाळा आला तेव्हा जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे स्केचपेनने एक खेळ आखला होता, तो वाढत वाढत आता बऱ्यापैकी पूर्ण झालाय. विषय आपलाच, अनंत चतुर्दशीची मिरवणूक. बोर्डवर चार रस्ते आहेत, लक्ष्मी, कुमठेकर, केळकर आणि टिळक, आणि चारही शेवटी अलका चौकात येऊन मिळतात. प्रत्येकाचं एक मंडळ, प्रत्येकाच्या हातात पत्ते. ढोल पथकाचा पत्ता टाकला की रथ हलत नाही पण गर्दी जमते, म्हणजे पॉइंट. रथ हलवायचा तर दुसरा पत्ता. आणि खरी गंमत म्हणजे पुढचा थांबला की मागच्या सगळ्यांनी थांबायचं, ओव्हरटेक नाही. आधी पोचला तो जिंकला असं नाही, उजाडायच्या आत पोचून ज्याच्याकडे जास्त गर्दी तो जिंकला. नाव ठेवलंय 'विसर्जन मिरवणूक'.

आता मेहुणा म्हणतोय की आधी पेटंट घे, नाहीतर कुणीतरी मोठी कंपनी उचलेल आणि तू बघत बसशील. एका एजंटला फोन केला तर त्याने ४५ हजार सांगितले, वर "शंभर टक्के होऊन जाईल सर" असंही म्हणाला. बायको म्हणते ४५ हजारात त्याच खेळाचे शंभर डबे छापून होतील. मला खरं सांगायचं तर प्रिंटिंगवाल्याला फाइल द्यायचीसुद्धा भीती वाटतेय, पेनड्राइव्ह घेऊन अप्पा बळवंत चौकातून दोनदा परत आलोय. येत्या गणपतीच्या आधी २०० नग काढायचा विचार आहे. कुणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

दुपारी_एक_ते_चार

चारी बाजूंनी यायचं आणि मधल्या घरात पोचायचं म्हणजे पचिसीच की हो ही 😀 चेष्टा करतोय, राग मानू नका. पण गंमत बघा, आपल्या पचिसीच्या कवड्या काढून फासा घातला आणि १८९६ मध्ये इंग्लंडात लुडो म्हणून पेटंट झालं, आणि आता आपण तोच लुडो दुकानातून विकत आणून मोबाईलवर पण खेळतो. तेव्हा तुमचा मेहुणा अगदीच चुकीचा नाहीये. वेळ मात्र चुकलीये, सव्वाशे वर्षांनी.

कवडीचुंबक

भाऊ, थांबा. त्या एजंटला एक रुपया देऊ नका, मी देऊन बसलोय.

२०१९ ची गोष्ट. मी शिकवण्या घेतो, मुलांना अपूर्णांक कळावेत म्हणून पत्त्यांचा एक डाव बसवला होता, बेरीज करून एक पूर्ण झाला की उचलायचं असं काहीसं. मुलं वेड्यासारखी खेळायची म्हणून मलाही वाटलं आपण काहीतरी शोधलंय. एका एजंटकडे गेलो (नाव घेत नाही, उपयोग नाही), त्याने छान इंग्रजीत १४ पानं टाइप केली, आकृत्या काढल्या, "ए सिस्टीम अँड मेथड" असं भारदस्त नाव दिलं. अर्ज नंबर आला तेव्हा मी पेढे वाटलेत हो. नंतर दीड वर्षाने तपासणीचा रिपोर्ट आला, त्यात पहिलाच आक्षेप कलम ३ एम. खेळ खेळायची पद्धत हा शोध नाही, विषय संपला. एजंट म्हणाला उत्तर देऊ, त्याचे वेगळे १२ हजार. मी म्हटलं राहू दे, मग सहा महिन्यांत उत्तर गेलं नाही म्हणून अर्ज सोडून दिला असं धरलं गेलं. एकूण ३८ हजाराला पडला तो अर्ज नंबर. राग कशाचा आला माहितीये का, तो आक्षेप येणार हे त्याला पहिल्या दिवशी माहिती असणारच, कायद्यात सरळ लिहिलेलं आहे ते, पण त्याला त्याची फी मिळाली ना.

वकीलीणबाई (नारायण पेठ)

वर कवडीचुंबक यांनी लिहिलंय ते दुर्दैवाने अगदी नेहमीचं आहे. मी पेटंटचं नाही, ट्रेडमार्क-कॉपीराइटचं काम करते, तेव्हा तेवढ्यापुरतं सांगते.

आपल्या पेटंट ॲक्ट १९७० च्या कलम ३ मध्ये 'कशाला शोध म्हणायचं नाही' याची यादीच आहे आणि त्यात एम मध्ये खेळ खेळण्याची पद्धत नाव घेऊन बाहेर ठेवली आहे. म्हणजे तुमचा "पुढचा थांबला की मागचा थांबला" हा नियम कितीही सुंदर असो, त्याचं पेटंट भारतात होत नाही. नियमाला नाही म्हणजे वस्तूलाही नाही असं मात्र नव्हे. समजा तुमचा रथ बोर्डखालच्या चुंबकाने आपोआप अडतो अशी काही नवीन यंत्ररचना असती तर त्या यंत्ररचनेचा विचार करता आला असता. सरकारी फी तशी भयंकर नाहीये, एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाला १६०० आणि तपासणीच्या विनंतीला ४०००, बाकी सगळी ड्राफ्टिंगची आणि एजंटची. पण तुमच्याकडे पुठ्ठ्याचे रथ आणि पत्ते आहेत, तेव्हा तो रस्ता सोडा.

मग हातात काय राहतं तर बरंच राहतं. बोर्डवरची चित्रं, पत्त्यांवरची चित्रं आणि नियमपुस्तिकेतली तुमची वाक्यं, यांवर कॉपीराइट आपोआप असतो, नोंदणी सक्तीची नाही. पण कॉपीराइट शब्दांवर आणि चित्रांवर असतो, कल्पनेवर नाही. उद्या कुणी तोच खेळ स्वतःच्या शब्दांत लिहून, स्वतःची चित्रं काढून, पंढरीच्या वारीचा करून विकला तर तुम्हाला फार काही करता येणार नाही. आपल्याकडचंच उदाहरण आहे, कोलकात्याच्या दोन भावांनी फेसबुकवर स्क्रॅबलसारखाच स्क्रॅब्युलस नावाचा शब्दांचा खेळ काढला होता, आठवत असेल. स्क्रॅबलवाली मॅटेल कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली. २००८ च्या आदेशात कोर्टाने बोर्डवरच्या कॉपीराइटचा मुद्दा प्रथमदर्शनी मान्य केला नाही, पण स्क्रॅबलशी जुळणारं नाव वापरायला मनाई केली. त्या भावांनी नाव बदलून लेक्स्युलस केलं. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीला सुद्धा खेळाने नाही वाचवलं, नावाने वाचवलं.

म्हणून पैसे घालायचेच असतील तर नावावर घाला. ट्रेडमार्क क्लास २८ (खेळ-खेळण्यांचा वर्ग), एकट्या व्यक्तीला ऑनलाइन ४५००, दहा वर्षं चालतो, पुढे नूतनीकरण होतं. आधी ट्रेडमार्क ऑफिसच्या साइटवर फुकट सर्च करून बघा. आणि स्पष्ट सांगते, 'विसर्जन मिरवणूक' हे नाव चालेलसं वाटत नाही, मिरवणुकीच्या खेळाला मिरवणूक म्हणणं म्हणजे बिस्किटाला बिस्किट म्हणणं. काहीतरी घडवलेलं नाव शोधा. देवाचं नाव किंवा चित्र मार्कमध्ये टाकू नका, धार्मिक भावनेचा आक्षेप निघतो. अर्ज केला की टीएम लिहिता येतं (न करताही येतं), गोलातला आर मात्र नोंदणी झाल्याशिवाय छापू नका, तो गुन्हा आहे.

आणि एक फार महत्त्वाचं विचारायचं राहिलं. चित्रं कुणी काढली आहेत?

मिरवणूकवाला

बाप रे, एवढं कुणी फुकट सांगत नाही, धन्यवाद ताई. चित्रं भाचीच्या मैत्रिणीने काढलीत, कॉलेजात आहे, ५ हजार दिले आणि दोनदा मिसळ खाऊ घातली. लेखी काहीच नाही.

पण एक कळत नाही, खेळाचं पेटंटच होत नाही तर मोनोपॉलीचं कसं काय होतं? लहानपणापासून ऐकतोय की एका बेकार माणसाने हा व्यापाराचा खेळ काढला, पेटंट घेतलं आणि करोडपती झाला. आणि माझे काका म्हणतात सगळं पाकिटात घालून स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठव, न फोडता ठेव, तोच पुरावा.

वकीलीणबाई (नारायण पेठ)

काकांना नमस्कार सांगा. पाकिटाने फार तर हे कळेल की त्या तारखेला ते कागद तुमच्याकडे होते, नसलेला हक्क त्यातून तयार होत नाही. तुमच्या जुन्या फाइली, तारखेसकट ईमेल, कॅलेंडरमागचा तो पहिला कागद, एवढं जपून ठेवलंत तरी तेच काम होतं.

त्या मुलीकडून मात्र आजच लिहून घ्या. एक पान पुरे, कुठली चित्रं, किती पैसे, हक्क तुमच्याकडे, दोघांच्या सह्या. त्यात मुदत आणि प्रदेश दोन्ही स्पष्ट लिहा. हे लिहायचं राहिलं तर कायदा मुदत ५ वर्षं आणि प्रदेश फक्त भारत असं धरतो, आणि सहाव्या वर्षी खेळ चालायला लागला की मग सगळ्यांना सगळं आठवतं. तिचं नाव डब्यावर छापा, ५ हजारात तेवढा तिचा मान आहेच.

पत्तेपिसे

मोनोपॉलीची ती गोष्ट अर्धीच खरी आहे राव, आणि उरलेली अर्धी मेहुण्याला वाचून दाखवण्यासारखी आहे. तो माणूस म्हणजे चार्ल्स डॅरो, त्याला १९३५ मध्ये पेटंट मिळालं आणि रॉयल्टीवर तो श्रीमंत झाला हे खरं. पण तो खेळ मुळात लिझी मॅगी नावाच्या बाईंचा, 'लँडलॉर्ड्स गेम', त्यांचं पेटंट १९०४ चं. जमीनदार भाडं खाऊन सगळ्यांना कसं भिकेला लावतात हे लोकांना कळावं म्हणून बाईंनी खेळ काढला, आणि लोकांना नेमका तोच भिकेला लावायचा भाग आवडला! घरोघर हाताने बोर्ड रंगवून, गल्ल्यांची नावं बदलून तो तीस वर्षं फिरत राहिला आणि फिरत फिरत डॅरोकडे पोचला. बाईंनी १९२४ मध्ये पुन्हा एक पेटंट घेतलं होतं, ते मोनोपॉली विकणाऱ्या पार्कर ब्रदर्स कंपनीने ५०० डॉलरला विकत घेतलं, रॉयल्टी शून्य. म्हणजे पेटंट दोघांकडे होतं. पैसे कुणाला मिळाले ते बघा.

अमेरिकेत आताआतापर्यंत खेळांना पेटंट मिळायचं. मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाला १९९७ मध्ये मिळालं होतं, पत्ता आडवा करून 'वापरला' म्हणायची जी पद्धत आहे ती त्यात आहे. पण आता तिथेही अवघड झालंय, पत्त्यांच्या नवीन डावाचा अर्ज २०१६ मध्ये आणि फाशांच्या खेळाचा २०१८ मध्ये तिथल्या कोर्टाने उडवून लावला, नुसते नियम म्हणजे अमूर्त कल्पना म्हणून. तेव्हा "इंडियात नाही तर यूएसमध्ये फाइल करू सर" असा पुढचा फोन एजंटचा येईल, तयार राहा.

लाकडी_ठोकळा (धायरी)

मी छोट्या प्रमाणात खेळ बनवून विकतो, तीन काढले, त्यातला एक चालला. इथे सगळे कायद्याचं बोलताहेत म्हणून एकच विचारतो. हा खेळ आत्तापर्यंत किती जणांनी खेळलाय? घरचे सोडून?

मिरवणूकवाला

घरचे सोडून कुणीच नाही. बाहेर दाखवायचीच भीती होती ना, म्हणून तर पेटंटचं विचारत होतो. घरी मात्र ४०-५० डाव झालेत.

लाकडी_ठोकळा (धायरी)

मग दोनशे नग छापूच नका अजून. घरचे ४० डाव म्हणजे एकच डाव ४० वेळा.

असं करा. चार अनोळखी माणसं बसवा, डबा आणि नियमांचा कागद टेबलावर ठेवा आणि तुम्ही लांब खुर्ची घेऊन बसा. तोंड उघडायचं नाही. काहीही झालं तरी नाही. त्यांनी नियम चुकीचा वाचला तरी "अहो तसं नाही" म्हणायचं नाही, कारण डब्यात तुम्ही येणार नाही आहात. फक्त लिहून घ्यायचं, कुठे अडले, कुठे मोबाईल काढला, कुठे हसले. माझ्या पहिल्या खेळाला चौघांनी २५ मिनिटं घेतली नुसता डाव मांडायला, मी आतल्या आत उकळत होतो, नंतर कळलं की मी 'पाट' आणि 'पट' हे दोन शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरले होते आणि मला कधी खटकलंच नव्हतं.

चोरीचं म्हणाल तर, अहो, चोरायला आधी कुणाला तरी आवडायला पाहिजे. माझा जो खेळ चालला तो विकायला मला तीन वर्षं लागली, फुकट द्यायला गेलो तरी लोक "घरी जागा नाही" म्हणायचे.

टेस्टसाठी छपाई लागत नाही. पत्ते नेहमीच्या साइजचे असतील तर १२ बाय १८ इंचाच्या एका शीटवर १८ बसतात, ५४ पत्ते म्हणजे तीनच शीट, डिजिटलवाल्याकडे ३०० जीएसएमच्या जाड कागदावर मारा, मॅट लॅमिनेशन करा (ग्लॉसी नको, दिव्याखाली चमकतं आणि पिसताना चिकटतं), घरी कटरने कापा, कोपरे गोल करायचं पंच स्टेशनरीवाल्याकडे मिळतं. बोर्डला २ एमएमचा ग्रे बोर्ड, रविवार पेठेत खोकेवाल्यांकडे मागा. असे दोन सेट करा, बास. डाय (पत्ते कापायचा साचा) करायचा खर्च आत्ता अजिबात नको, पत्त्याची साइज बदलली की डाय भंगारात.

आणि लहान मुलांचा खेळ म्हणून विकणार असाल तर १४ वर्षांखालच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा झालाय, त्याची आधी नीट चौकशी करा. हे मला माल तयार झाल्यावर कळलं, तुम्हाला आत्ताच सांगतोय.

दुपारी_एक_ते_चार

अनोळखी माणसं लागणार असतील तर मी येतो, फक्त एक ते चार सोडून. चहा लागेल. आणि मानाचे पाच गणपती क्रमाने आधी गेले पाहिजेत, कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा, हा नियम नसेल तर मी उठून जाणार.

वकीलीणबाई (नारायण पेठ)

यावरून आठवलं, खऱ्या मंडळांची नावं आणि त्यांची बोधचिन्हं डब्यावर टाकणार असाल तर आधी त्यांना जाऊन विचारा, लेखी घ्या. नाहीतर मंडळांची नावंपण काल्पनिक ठेवा, पुणेकरांना बरोबर कळतात.

रथाच्या सोंगटीचा आकार खरंच वेगळा असेल तर डिझाइनची नोंदणी हा एक पर्याय आहे, एकट्याला १००० रुपये फी, १० वर्षं आणि पुढे ५ वाढवून मिळतात. पण अर्ज बाजारात आणायच्या आधी करायला लागतो, एकदा विकायला ठेवलं किंवा फेसबुकवर फोटो टाकला की नवेपणा गेला. टेस्टला येणाऱ्यांना विश्वासात घेऊन दाखवणं वेगळं, तिथे फोटो काढू नका एवढं सांगून ठेवा.

मिरवणूकवाला

दहा दिवसांनी लिहितोय. टेस्ट झाली, रविवारी, आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये. दुपारी_एक_ते_चार काका खरंच आले (साडेचारला), त्यांच्या शेजारचे एक निवृत्त बँकवाले, आमच्या बिल्डिंगमधली एक सॉफ्टवेअरवाली मुलगी आणि तिचा बारा वर्षांचा भाऊ. मी खुर्ची घेऊन दाराशी बसलो.

पहिली वीस मिनिटं ठीक गेली. मग त्या पोराने पत्ते बघितले, बोर्ड बघितलं, आणि रथ लक्ष्मी रोडवरच्या अरुंद घरात नेऊन थांबवला. ढोलाचा पत्ता टाकला. पुढच्या वेळी परत ढोल. परत ढोल. मागे त्याच्या बहिणीचा रथ, तिच्या मागे काकांचा, कुणीच हलू शकेना, आणि हा दर वेळी गर्दी गोळा करतोय. काकांनी नियमांचा कागद तीनदा वाचला, "याला हलवायचं कसं?" म्हणून माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघत बसलो. शेवटी बँकवाले आजोबा म्हणाले, "तसं म्हटलं तर हे अगदी खरंखुरं आहे हो." उजाडलं, पोराकडे ६२ पॉइंट, पण अलका चौकात कुणीच पोचलं नाही, आणि कुणीच पोचलं नाही तर काय करायचं हे मी लिहिलेलंच नव्हतं.

घरी ५० डावांत हे कधी झालं नाही. आईला विचारलं तू कधी असं अडवून का नाही बसलीस, तर म्हणाली, "मागे लोक खोळंबलेत हे दिसत असताना बरं दिसतं का ते."

आता पोलिसाची एक सोंगटी टाकलीये, दोन ढोल झाले की मागचा खेळाडू पोलीस पुढे आणू शकतो आणि मग रथ हलवायलाच लागतो, पण त्याबद्दल मागच्याने स्वतःचा एक पत्ता द्यायचा. परवा परत खेळलो, त्या पोराने आता पोलिसाला चुकवायची पण युक्ती काढलीये, दुसऱ्या ढोलानंतर एक घर पुढे आणि परत सुरू. बसतोय त्यावर.

भाचीच्या मैत्रिणीकडून कागद करून घेतला, मुदत आणि प्रदेश लिहून, परत मिसळ. एजंटचा फोन आला होता, म्हणाला यूएसमध्ये फाइल करू सर.

पत्तेपिसे

😂😂 म्हटलं होतं ना

लाकडी_ठोकळा (धायरी)

त्या पोराला सोडू नका. पोलीस मागच्याने आणण्याऐवजी आपोआप यायला लावून बघा, म्हणजे ढोल सलग असोत नसोत, त्या घरात त्या रथाचे एकूण किती ढोल वाजले ते मोजा. आणि नाव?

मिरवणूकवाला

एकूण मोजायचं चांगलंय, शनिवारी तेच बघतो. नाव आईच्या वाक्यावरून 'खोळंबा' ठेवावं म्हणतोय, ट्रेडमार्कच्या साइटवर क्लास २८ मध्ये शोधलं, काही दिसलं नाही. ताई, चालेल का?